एकेचाळीस नंबरची राखण

“पण मग कणीस पोचट का राहतं, आप्पा?”

अनुजा ढवणने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आप्पा सुपातले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ताट हिरवं. पानं हिरवी. आजूबाजूची सगळी ज्वारी करपली, तरी ही एकटी हिरवी. मग दाणा जातो कुठे?”

आप्पांनी एक खडा उचलला आणि ओसरीखाली टाकला.

“बस की,” ते म्हणाले.

ती बसली. बसल्या बसल्या मोबाइल पाहिला, टॅबलेट उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि उठून उभी राहिली. तीनशे किलोमीटर गाडी हाकत ती आली होती, ती काही बसायला नव्हे.

आप्पा म्हणजे चनबसप्पा कोरे. ज्वारीच्या एका संशोधन केंद्रावर त्यांनी चौतीस वर्षं वाण निवडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर ते सोलापूरकडच्या आपल्या गावी आले आणि मठामागच्या दोन खोल्यांत राहू लागले. मठाचं अर्धा एकर रान त्यांच्या हवाली होतं. त्यात ते अजूनही काहीबाही पेरत आणि बघत बसत.

गावातले लोक त्यांच्याकडे बियाणं विचारायला येत, सोयरीक विचारायलाही येत, आणि दोन्ही बाबतींत एकच उत्तर घेऊन जात. जरा थांबा.

अनुजा त्यांची विद्यार्थिनी. ज्वारीच्या फुलातले पुंकेसर पहाटे सुईने कसे काढायचे, हे पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला शिकवलं होतं. पुढे ती परदेशी गेली, जनुकं वाचायला शिकली, परत येऊन मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली. गेल्या वर्षी एका परिषदेत तिने भाषणात सांगूनच टाकलं, की डोळ्यांनी वाण निवडण्याचे दिवस आता संपले. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

आज तीच अनुजा त्यांच्या ओसरीवर उत्तर मागत उभी होती, आणि ते तिला फार जड जात होतं.

तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. गावरान ज्वारीत एक जनुक असतं. पाण्याचा ताण पडला की ते रोपाला बजावतं, की पानांची तोंडं मिटून घे, पाणी उडू देऊ नकोस, जीव धरून राहा. हेच जनुक नव्या भरघोस वाणांतही असतं, अगदी अक्षर न् अक्षर तेच. फरक असतो तो जनुकाच्या पुढच्या तुकड्यात. जनुकाने कधी बोलायचं, किती बोलायचं, पानात बोलायचं की मुळात, हे तो तुकडा ठरवतो.

म्हणून तिने गावोगावच्या गावरान ज्वाऱ्या गोळा केल्या, नव्या वाणांशी त्यांचे संकर केले आणि चौसष्ट वाण उभे केले. प्रत्येकाचं पान यंत्रावर तपासलं. ज्याचं जनुक सगळ्यांत मोठ्याने बोलत होतं, तो वाण निवडला. तो एकेचाळीस नंबर.

“कधी बोलतंय ते?” आप्पांनी विचारलं.

“सतत.” तिच्या आवाजात अजूनही अभिमान होता. “उगवल्यापासून कापणीपर्यंत. एक क्षण गप्प नाही.”

आप्पांनी सूप खाली ठेवलं.

“दमत असंल,” ते म्हणाले.

…

अनुजाला ही थट्टा वाटली. तिने तिकडे दुर्लक्ष केलं आणि टॅबलेटवरचा आलेख त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, छान आहे म्हणाले, आणि चष्मा काढला.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. सोमवारी सकाळी दहाच्या आत वाणाचं नाव पाठवायचं होतं. राज्यात वीस ठिकाणी त्याची चाचणी होणार होती. अशी संधी दोन वर्षांतून एकदा येते आणि प्रत्येक प्रयोगशाळेला एकच वाण पाठवता येतो. तिथे वाण पडला की सात वर्षांचं काम पडलं. न पडता पुढे गेला, तर तो लोकांच्या रानात जाणार.

आणि खरी धास्ती त्याचीच होती. हरितगृहात पाणी तोडलं तेव्हा एकेचाळीस नंबर एकटी उभी राहिली होती. पण मागचे दोन हंगाम तिने ती उघड्या रानात पेरली. फोटोत ज्वारी देखणी दिसायची. कणीस हातात घेतलं की हलकं लागायचं. माती तपासली, खत तपासलं, कीड तपासली. कशातच दोष सापडला नाही. ही हिरवीगार पोचट ज्वारी वीस तालुक्यांत उभी आहे आणि खळ्यावर माणसं नुसता कोंडा उधळताहेत, असं तिला आठवडाभर भर दुपारी जागेपणी दिसत होतं.

त्यात तिने वाणाचं नावही ठेवून टाकलं होतं. ‘अढळ’. ते पेपरातही छापून आलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे काही फक्त लग्नातच होतं असं नाही.

बरं, जास्त बोलणारं जनुक रोपाला महागात पडतं, हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. हा प्रश्न ती दर वर्षी एम.एस्सी.च्या पोरांना पाच मार्कांना घालत असे. पण आपला तो बाब्या. एकेचाळीस नंबरलाही तोच नियम लागू पडेल, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं.

“तुम्ही एकदा सांगा, आप्पा. पाठवू की नको?”

आप्पांनी आभाळाकडे पाहिलं.

“उद्या माझं रान राखशील?”

“काय?”

“हुरड्यात आलंय. भोरड्या उतरत्यात थव्यानं. राखणीची बाई उद्या न्हाई.”

अनुजाला राग आला. मी इथे पाखरं हाकायला आलेले नाही, असं ती म्हणाली. म्हणाली ते म्हणाली, वर परवा सकाळी दहाची मुदत आहे, हेही दोनदा सांगितलं.

“परवा दहापर्यंत लई येळ हाय,” आप्पा म्हणाले.

“आणि रान राखलं तर उत्तर देणार?”

“एक कणीस उष्टं होता कामा न्हाई,” आप्पा म्हणाले आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

…

रविवारी दिवस उगवायला ती माळ्यावर चढली. माळा म्हणजे चार बांबूंवर टाकलेल्या फळ्या. वर एक पत्र्याचा डबा, एक काठी आणि एक गोफण. भोवती आप्पांची अर्धा एकर ज्वारी. कणसं दुधातून नुकतीच हुरड्यात आली होती.

शेजारच्या रानातल्या माळ्यावर एक म्हातारी बसली होती. ती गंगव्वा. तिने अनुजाला एकदा हात केला, तंबाखूची चिमूट दाढेत धरली, आणि मग ती तिथे असल्यासारखी वाटेना.

अनुजाने ठरवलं, की एक पाखरू रानावर सावलीसुद्धा टाकणार नाही. कोणतंही काम अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने डबा बडवायला सुरुवात केली आणि तोंडाने हाऽऽ हुर्रर्र चालू केलं. पाखरं आलेली नव्हती. पण येतील तेव्हा येतील, आपण आधीपासून तयार असलेलं बरं.

पहिला थवा आला आणि आवाज ऐकून वरच्या वर वळला. अनुजाला बरं वाटलं. उत्तर नाही तर नाही, निदान हे तरी जमतंय.

नऊला दुसरा थवा आला. तो वळला, पण नाल्याकाठच्या बाभळीवर जाऊन बसला.

दहाला ती बाभळीवरची पाखरं रानाच्या कडेला उतरली. तिने डबा जोरात बडवला. ती उडाली आणि चार ओळी सोडून पुन्हा बसली.

अकराला ती उडेनाशी झाली.

रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. इथे तर बाई मिनिटामिनिटाला मरत होती. एक भोरडी दहा हातांवरच्या कणसावर बसली आणि अनुजाकडे बघत बघत दाणे टिपू लागली. अनुजा तिच्यावर जीव खाऊन ओरडली. भोरडीने मान तिरकी केली आणि पुढचा दाणा घेतला.

अनुजाचा घसा फुटला होता. खांदे भरून आले होते. पाण्याची बाटली संपली होती. ती थांबली मात्र नाही. थांबलं की सगळं रान जाईल, असंच तिला वाटत होतं. ओरडता ओरडता तिला रडू येत होतं, आणि आपल्याला पाखरांमुळे रडू येतंय याचा वेगळाच संताप येत होता.

त्या अवधीत गंगव्वा चार वेळा उभी राहिली होती. चार वेळा एकेक आरोळी. बाकी वेळ ती डुलक्या घेते आहे, असं अनुजाने सकाळीच मनात नोंदवून ठेवलं होतं. आता तिचं लक्ष गेलं. गंगव्वाच्या रानात एक पाखरू नव्हतं.

…

दुपारी गंगव्वा भाकरीचं फडकं घेऊन बांधावर आली. तिने अनुजाला खाली बोलावलं, अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, आणि अनुजा खायला लागल्यावर म्हणाली,

“बाई, तुमचा आवाज पाखरांस्नी पाठ झालाय.”

अनुजा घासासकट थांबली.

“येडी न्हाईत ती. सकाळधरनं वरडताय, आन् त्यांचं वाकडं काय झालं न्हाई. मग कशाला भितील?”

“मग काय करायचं?”

“पाखरं आली की वरडायचं.”

“आणि आली नसतील तेव्हा?”

“तवा बघायचं,” गंगव्वा म्हणाली. तिने फडकं झटकलं आणि ती आपल्या माळ्याकडे निघून गेली.

…

अनुजा पुन्हा वर चढली. काठी बाजूला ठेवली. गप्प बसली.

गप्प बसणं एवढं कष्टाचं काम असेल, असं तिला वाटलं नव्हतं. पाय आपोआप हलायला लागला. हात डब्याकडे जायला लागला. तो हात तिने मांडीखाली दाबून ठेवला. मोबाइल वाजला, तिने तो न बघता बंद केला. इथे भोरड्या दाणे खाताहेत, तिथे उद्याची मुदत जवळ येते आहे, आणि आपण फळीवर बसून काहीच करत नाही…

रानातल्या भोरड्या पोट भरून आपसूक उडाल्या. रान रिकामं झालं.

तेव्हा तिला पहिल्यांदा काही दिसलं.

पाखरं आभाळातून थेट रानात पडत नाहीत. आधी दोनतीन भोरड्या येऊन बाभळीच्या शेंड्यावर बसतात. मग मागून थवा येतो आणि झाडावर एकच कलकलाट सुरू होतो. मग एकदम तो कलकलाट थांबतो. थांबल्यावर एक श्वास जातो आणि सगळा थवा खालून, ताटांच्या उंचीने रानाकडे निघतो.

दोनतीन भोरड्या आल्या. थवा आला. कलकलाट झाला.

अनुजा बघत राहिली. हात मांडीखालीच होता.

कलकलाट थांबला.

तिने डब्यावर काठी मारली. एकदाच.

सगळा थवा हवेतच फाटला आणि नाल्यापलीकडे गेला. तिकडून तो कितीतरी वेळ परतला नाही. ऊन उतरायला लागलं. रानात ताटांची सळसळ तेवढी होती.

अनुजा काठी हातात धरून तशीच बसून राहिली. मघापासून ती गप्प होती. पण राखण काही बंद नव्हती. उलट सकाळी ती ओरडत होती, तेव्हा रानाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आणि मग तिला आठवल्या त्या लाल फुल्या.

…

चौसष्टपैकी तेवीस वाणांवर तिने लाल फुली मारली होती. त्यांचं जनुक बोलतच नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने एकच शब्द लिहिला होता, ‘मुकं’. तेवीस वेळा.

पानं तिने तिसाव्या दिवशी तोडली होती. दर वर्षी तिसाव्याच दिवशी. तेव्हा सगळी रोपं एका उंचीची असतात, पानं एकसारखी मिळतात, यंत्राची पाळीही तेव्हाच लागते, आणि आकडे एका खाली एक नीटनेटके बसतात.

पण रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. तिसाव्या दिवशी चार बोटं माती उकरली तरी हाताला गार लागतं. तिसाव्या दिवशी कुठलं रोप तहानेलं असतं? मग त्या जनुकांनी बोलायचं तरी कशासाठी?

ज्या ज्वाऱ्या पाखरं नसताना गप्प बसल्या, त्या तिने काढून टाकल्या होत्या. आणि जी जन्मल्यापासून डबा बडवत होती, तिला ‘अढळ’ नाव देऊन पेपरात छापलं होतं. पानांची तोंडं कायम मिटलेली, सगळा जीव त्या ओरडण्यात, मग कणसाला अन्न कुठून मिळणार होतं?

अनुजा ताडकन उभी राहिली. आत्ताच्या आत्ता जाऊन आप्पांना सांगावं, फोन करावा, गाडी काढावी… एक पाय शिडीवर ठेवलाही.

बाभळीच्या शेंड्यावर दोन भोरड्या येऊन बसल्या.

तिने पाय मागे घेतला. ती खाली बसली.

पाखरं दिवस मावळताना झोपायला जातात. तोपर्यंत अडीच तास होते. ते अडीच तास तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. त्यात तिने डबा सहा वेळा वाजवला.

…

ती मठामागे आली तेव्हा आप्पा ओसरीवरच होते. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, आत गेले आणि ओव्याचं गरम पाणी घेऊन आले. तिने दोन घोट घेतले. घशातून आवाज निघत नव्हता, नुसती खरखर येत होती.

“तुमची बरीच कणसं उष्टी झाली. दुपारपर्यंतची.”

“ती मी धरलीच हुती,” आप्पा म्हणाले.

ती काही वेळ पेला हातात धरून बसली. यावेळी तिला उठावंसं वाटत नव्हतं.

“आप्पा, मी त्यांना तिसाव्या दिवशी विचारलं.”

“काय?”

“बोलता का म्हणून.”

“मग?”

“तिसाव्या दिवशी जमिनीत ओल होती.”



तिने मोबाइल काढला आणि मोमीनला फोन लावला. मोमीन तिचा प्रयोगशाळेतला सहकारी. तो या फोनचीच वाट बघत होता. यादी तयार आहे, नुसतं बटण दाबायचं आहे, असं त्याने उचलताच सांगितलं.

“एकेचाळीस काढा,” अनुजा म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. आवाज तुटतोय, मॅडम, म्हणाला.

सात वर्षांच्या कामावर एकदा पाणी सोडणं कठीण. तिला ते दोनदा सोडावं लागलं. तिने घसा ताणून एकेक शब्द बाहेर काढला.

“एकेचाळीस काढा. या वेळी आपलं नाव जाणार नाही.”

पलीकडून मोमीन हळूच म्हणाला, की आता दोन वर्षं थांबावं लागेल, वरचे साहेब प्रकल्प ठेवतील की नाही तेही सांगता येत नाही, आणि पेपरात तर…

“माहीत आहे,” ती म्हणाली. “थंड खोलीत लाल फुलीची पाकिटं आहेत ना? तेवीस?”

आहेत, तो म्हणाला. मार्चमध्ये फेकायची आहेत.

“फेकू नका.”

तिने फोन ठेवला आणि ती रडली. आप्पांसमोर रडायची तिला लाज वाटली नाही. वाईट मात्र फार वाटलं. एकेचाळीस नंबरचं पहिलं बी तिने स्वतः मातीत टोचलं होतं. हरितगृहात पाणी तोडलं, तेव्हा ती रोज सकाळी आधी तिच्याकडे जाऊन बघत असे. त्या ज्वारीने बिचारीने काही चूक केली नव्हती. तिला कोणी थांब म्हटलंच नव्हतं.

आप्पांनी तिला रडू दिलं. मधेच उठून त्यांनी तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं आणि परत जाग्यावर बसले.

पाणी पिऊन झाल्यावर तिने डोळे पुसले. आणि लगेच तिच्या कपाळावर आठी चढली. ती प्रयोगशाळेतली अनुजा होती. तिच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला होता.

“पण आप्पा, त्या तेवीसांत सगळ्याच काही राखणदार नसणार. काही खरंच मुक्या असतील. ज्यांचं बोलणंच मोडलंय, अशा. त्या दुष्काळातही बोलणार नाहीत.”

“असतील की.”

“आणि गप्प दोघीही. एकीचं पान दुसरीपेक्षा काडीचंही वेगळं दिसत नाही. यंत्रावर दोघींचं शून्यच येतं.” तिचा आवाज पार बसला होता. शेवटचे शब्द तिने जवळजवळ ओठांनीच विचारले. “मग वाट बघणारी कोणती आणि मुकी कोणती, हे मी ओळखू कसं?”

आप्पा तिच्याकडे बघून हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“पाखरं येऊ देत की,” ते म्हणाले.